आमचा वाघ्या आणि मेणवलीची सहल

आमच्या घरी एक कुत्रा आहे. त्याचे नाव वाघ्या. नाव वाघाचे, पण रंग गव्हाच्या कोंड्यासारखा आणि स्वभाव गरीब गाईसारखा. जातिवंत वगैरे काही नाही. गावठी कुत्रा. आमच्या नोकरीचे शेवटचे वर्ष होते. शाळेच्या लाकडाच्या खोपटात एका कुत्रीला पिल्ले झाली. चार गेली, एक राहिले. ते एके दिवशी आमच्या सायकलीमागून धावत घरी आले. मुलांची आजी म्हणाली, “शाळा सुटतेय, आता ही शिकवणी धरली का?” असे म्हणत ती आत गेली आणि वाटीत दूध घेऊन आली.

तेव्हापासून वाघ्या घरचाच झाला. सकाळी किटलीचा आवाज आला की तो उठतो आणि डेअरीपर्यंत आमच्या पुढे चालतो. आम्ही वर्तमानपत्र उघडले की त्याला राग येतो, कारण वाचताना आम्ही त्याच्याकडे बघत नाही. रात्री तो उंबऱ्यापाशी झोपतो. त्याला शिळी भाकरी दुधात कुस्करून लागते. आजी म्हणते, “घरात शिळं उरत नाही, तर ह्या साहेबांसाठी मुद्दाम उरवावं लागतं.”

आमच्या मोरीचे पाणी जास्वंदीच्या बुडाशी जाते. चैत्र लागला की वाघ्या तिथे खड्डा उकरतो आणि दुपारभर त्या गार ओल्या मातीत पोट टेकून पडतो. जास्वंदीची मुळे उघडी पडतात, म्हणून आजी चिडते. दर वर्षी आम्ही खड्डा बुजवतो आणि दर वर्षी तो पुन्हा उकरतो. आम्ही पस्तीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले. पण तो खड्डा आम्हाला काय सांगत होता, ते आमचे आम्हाला वाचता आले नाही.

मे महिन्यात पुण्याहून नातवंडे येतात. नातू नऊ वर्षांचा आहे, नात सहा वर्षांची. ती आली की घर भरते. मग रोज कुठे ना कुठे जाणे होते. कधी आमराईत, कधी पसरणीच्या डोंगराला करवंदे वेचायला, कधी नदीवर डुंबायला. आमचे गाव वाईजवळ. कृष्णामाई हाकेच्या अंतरावर. पोरे पुढे, त्यांच्या पुढे वाघ्या, आणि मागून पिशव्या घेऊन आम्ही दोघे. आम्ही सकाळी लवकर निघत होतो आणि न्याहारीच्या वेळेला परत येत होतो. त्यामुळे कधी काही बिघडले नाही.

गेल्या उन्हाळ्यात नातवाने हट्ट धरला, “आजोबा, मेणवलीची घंटा दाखवा.”

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाड्यामागे कृष्णेवर दगडी घाट आहे. घाटावर एका लहान दगडी देवळीत मोठी घंटा टांगली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. त्या वसईच्या किल्ल्यातली ही घंटा. इतिहास सांगायला मिळाला की आमच्यातला मास्तर जागा होतो. आम्ही लगेच हो म्हणालो.

पहाटे निघालो. दीड तासाची वाट. हवा गार होती. पोरांनी घंटा पाहिली, घाटावर आंघोळ केली. वाघ्या पाण्यात उतरला, बाहेर आला, अंग झटकून सगळ्यांना पुन्हा भिजवले. मग झाडाखाली दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरी-कांदा खाल्ला. इथपर्यंत सगळे ठीक झाले. पुढे एक जुना विद्यार्थी भेटला. तो आता स्वतः आजोबा व्हायला आलेला. गोष्टी निघाल्या. एक आठवण निघाली की दुसरी निघते. आजी दोनदा म्हणाली, “अहो, ऊन चढलं. उठा आता.” आम्ही उठलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

वैशाखाचे ऊन. डांबरी रस्ता. पोरांच्या डोक्यावर टोप्या, आजीच्या डोक्यावर पदर, आमच्या हातात छत्री. वाघ्याला काय होते? काही नाही. तो सारखा मागे पडू लागला. झाडाची सावली आली की बसायचा. पाय उचलून उचलून टाकायचा. आम्हाला वाटले, पोहून दमला, आळस करतो आहे. आम्ही हाक मारली, “चल रे वाघ्या!” आणि तो आला. दर हाकेला तो आला. बैल बसकण मारतो, गाढव अडून राहते. पण कुत्रा धन्याच्या हाकेला नाही म्हणत नाही. हे लिहिताना आजही आम्हाला वाईट वाटते.

गावच्या फाट्याजवळ रसवंती आहे. तिथवर आलो, तेव्हा वाघ्याची चाल बदलली. तो दारू प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या खाऊ लागला. जीभ लांब बाहेर आली होती, गडद लाल झाली होती. तोंडातून चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या. डोळे तांबडे झाले होते. मग तो रस्त्यातच कोसळला.

नातू धावला. त्याने वाघ्याच्या गळ्यात हात घालून त्याला उचलायला पाहिले. आणि ज्या कुत्र्याने आजवर कुणाला दात दाखवला नव्हता, तो त्याला चावला. मनगटाच्या वर दोन दात लागले. रक्त आले.

रसवंतीवर पाच-सहा माणसे होती. एकच ओरड झाली. “पिसाळलं! कुत्रं पिसाळलं! गुरुजी, पोरं घेऊन बाजूला व्हा!” कुणी दगड उचलला. तात्या काठी घेऊन पुढे आले. तात्या आमच्या गावातले वडीलधारे. ते म्हणाले, “उन्हाळ्यात कुत्री पिसाळतातच. आता दया करू नका.”

तात्यांच्या काठीला आम्ही नावे ठेवणार नाही. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी पिसाळलेले कुत्रे चावून गेला. पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा गळा कसा आवळत होता, तो कसा किंचाळत होता, हे तात्यांनी दारात उभे राहून पाहिले होते. ज्याने ते पाहिले आहे, तो काठीच उचलणार.

आम्ही काठीच्या आड उभे राहिलो. पण खरे सांगायचे तर आमचीही खात्री नव्हती. लाळ गळते आहे, डोळे लाल आहेत, तोल जातो आहे, घरच्या माणसाला चावला आहे. तात्या म्हणतात तसे असेल तर? एका बाजूला नातू, दुसऱ्या बाजूला वाघ्या. आम्ही नुसते उभे.

तेवढ्यात आमच्या वाडीच्या आशाताई तिथून चालल्या होत्या. आशाताई म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचे काम करणारी गावातलीच बाई. एकाने तंबाखू चोळून जखमेवर लावायला घेतली होती. दुसरा म्हणत होता, तिखट भरा. ताईंनी दोघांनाही बाजूला सारले. “काही लावायचं नाही. साबण आणा.” रसवंतीच्या नळाखाली तिने पोराचा हात धरला आणि साबण लावून धुवायला सुरुवात केली. आम्हाला म्हणाली, “गुरुजी, घड्याळ बघा. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं.” पोर रडत होते, आजी त्याला पोटाशी धरून उभी होती, आणि आम्ही घड्याळ बघत होतो. पंधरा मिनिटे किती मोठी असतात, ते त्या दिवशी कळले.

साबणाने काय होते, हे ताईंनी मग सांगितले. कुत्रे पिसाळते, त्या रोगाला रेबीज म्हणतात. तो विषाणूमुळे होतो. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, फार बारीक रोगजंतू. तो आजारी जनावराच्या लाळेत असतो आणि चाव्यातून आपल्या अंगात शिरतो. त्याच्यावर चरबीचे पातळ कवच असते. साबण ते कवच फोडतो. वाहते पाणी उरलेसुरले वाहून नेते. तिखट, तंबाखू, चुना, हळद यांनी यातले काहीच होत नाही. उलट जखम चिघळते आणि माणसाला वाटते की उपचार झाला. तेच जास्त वाईट.

इकडे आजीने आम्हाला शुद्धीवर आणले. “अहो, गुरांच्या डॉक्टरांचा नंबर आहे ना तुमच्याकडं? लावा की!” आम्ही मोबाईल लावला. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. उन्हात किती चालला? आणि काल कसा होता? आम्ही म्हणालो, दीड तास चालला. काल अगदी चांगला होता, आज सकाळी पोहला, भाकरी खाल्ली. ते म्हणाले, “उष्माघात दिसतोय. पण तोंडाजवळ हात नेऊ नका. लांबून पाणी मारा. भरपूर मारा.”

रसवंतीवाल्याने नळाची नळी लावून दिली. आम्ही एक पोते वाघ्याच्या अंगाखाली सरकवले, त्याची टोके धरून त्याला सावलीत ओढले आणि पाणी सोडले. पोटावर, जांघेत, पायांवर, मानेवर. एकजण बर्फाची लादी फोडायला निघाला. डॉक्टर म्हणाले, बर्फासाठी थांबू नका, साधे पाणी चालेल, पण लगेच आणि सारखे. ओले पोते अंगावर झाकून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. पुठ्ठ्याने वारा घाला. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाईल. शुद्धीवर येऊन स्वतः पील तेवढे पिऊ द्या.

वीस मिनिटांनी वाघ्याची धाप कमी झाली. त्याने मान उचलली. शेपटीचे टोक दोनदा हलले. तात्यांनी काठी खाली घेतली, पण सोडली नाही.

आता कुत्र्याला ऊन एवढे का बाधते, ते पाहू. आपल्याला ऊन लागले की सर्वांगाला घाम येतो. घाम वाळतो आणि अंग गार होते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला घाम येतो तो पंजाच्या गादीला, आणि तोही थोडाच. त्याचे सगळे काम जिभेवर चालते. तो धापा टाकतो, तोंडातला ओलावा वाऱ्याने उडतो आणि अंग गार होते. बाहेरची हवाच तापलेली असली तर धापा टाकून भागत नाही. वरून केसांचा कोट, तो काढून ठेवता येत नाही. माणसाच्या अंगाची उष्णता साधारण ९८ अंश असते, कुत्र्याची १०१ ते १०२. ती १०५-१०६ च्या वर गेली की जीव धोक्यात येतो. आणि आपण वहाणा घालून चालतो, तो अनवाणी. दुपारी डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा. सात आकडे मोजेपर्यंत हात ठेववला नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला चालवू नये.

दुसरी गोष्ट तात्यांच्या बोलण्याची. उन्हाने कुत्रे पिसाळत नाही. रेबीज बाराही महिने होतो, आणि तो रेबीज झालेल्या दुसऱ्या जनावराकडूनच होतो. उष्माघात उन्हात एकाएकी येतो आणि वेळीच गार केले तर काही तासांत उतरतो. रेबीज झालेले कुत्रे दिवसेंदिवस बिघडत जाते. स्वभाव बदलतो, आवाज घोगरा होतो, उगाच दगड-लाकूड चावते, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, मग अंग लुळे पडते आणि ते मरते. पाण्याची भीती वाटते ती रेबीज झालेल्या माणसाला. कुत्रे पाण्याला भितेच असे नाही. म्हणून ‘पाणी पितो, म्हणजे चांगला आहे’ असे धरून चालू नये. रस्त्यात पडलेल्या कुत्र्याकडे नुसते पाहून भले-भले ओळखू शकत नाहीत. म्हणून कुत्र्याला काय झाले याचा वाद रस्त्यात घालू नये. चावलेल्या माणसाला दवाखान्यात न्यावे.

आम्ही त्याच दुपारी नातवाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “कुत्र्याला लस टोचली आहे का?” आम्ही ऐटीत म्हणालो, “तर! त्याचं कार्ड आहे.” मुलाचे वडील घरून कार्ड घेऊन आले. कार्डावर पुढच्या लशीची तारीख होती. ती तारीख उलटून पाच महिने झाले होते.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते, असे आम्हाला वाटले. आयुष्यभर आम्ही मुलांच्या हजेरीपटावर लाल शाई वापरली. एकाही पोराची गैरहजेरी आमच्या नजरेतून सुटली नाही. आणि हे एक कार्ड देवळीत ठेवून विसरलो.

बाई म्हणाल्या, लस टोचलेली असती तरी मुलाला इंजेक्शने द्यावीच लागली असती. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दोन्ही दंडांवर, कातडीत, अगदी थोडेसे औषध. बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यायची, ती जुनी लस आता बंद झाली आहे. त्या भीतीने कुणी घरी बसू नये. रक्त आले होते, म्हणून जखमेतच टोचायचे आणखी एक औषध होते. लशीचा गुण यायला काही दिवस लागतात, तोवर ते औषध राखण करते. त्यासाठी आम्ही सातारला गेलो. ते इंजेक्शन मात्र दुखते. पोर ओरडले, आणि आम्ही भिंतीवरची जाहिरात वाचत उभे राहिलो.

बाईंनी आणखी एक काम सांगितले. “कुत्र्याला मारू नका, सोडूही नका. दहा दिवस बांधून ठेवा आणि लक्ष ठेवा.” दहाच दिवस का? रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो, तो आजार दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. एकदा लाळेत आला की कुत्रे थोड्याच दिवसांत आजारी पडते आणि मरते. चावल्यावर दहा दिवस कुत्रे ठणठणीत राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पण हे दहा दिवस वाट बघत बसायचे नाहीत. इंजेक्शने पहिल्या दिवसापासूनच घ्यायची. कारण माणसाला रोगाची लक्षणे एकदा दिसली की त्यावर उपाय नाही.

वाघ्याला रिकाम्या गोठ्यात साखळीने बांधले. गुरांच्या डॉक्टरांनी संध्याकाळी येऊन त्याच्या तोंडाला पट्टी बांधली आणि सलाईन लावले. तेव्हाही त्याच्या अंगात १०४ ताप होता. दुसऱ्या दिवशी तो उतरला. आम्ही ताटली काठीने पुढे सरकवत होतो. वाघ्याला ते समजेना. तो ताटलीकडे बघायचा नाही, आमच्याकडे बघायचा.

आजी रोज रात्री कॅलेंडरवर एक रेघ मारायची. पोरगा रात्री झोपेना. एकदा म्हणाला, “आजोबा, मी मरणार का?” आम्ही त्याला एक गोष्ट सांगितली. ती खरी आहे. जोसेफ माइस्टर नावाचा एक मुलगा होता. तुझ्याएवढाच, नऊ वर्षांचा. त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने चावून चावून घायाळ केले. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाकडे गेली. पाश्चर यांनी रेबीजवर लस केली होती, पण ती माणसावर वापरायचा धीर त्यांना होत नव्हता. तरी ६ जुलै १८८५ या दिवशी त्यांनी त्याला पहिली लस दिली. मुलगा जगला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेत राखणदार झाला. नातवाने विचारले, “आणि कुत्र्याचं काय झालं?” आम्ही म्हणालो, “झोप आता.”

चौथ्या दिवशी वाघ्याने भाकरीला तोंड लावले नाही. घरात कुणी जेवले नाही. आजीने देवापुढे दिवा लावला, आम्ही डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बघत राहा. संध्याकाळी पाहिले तर ताटली रिकामी होती. नंतर कळले, सकाळी आजीने घाईत भाकरीवर दूध घातलेच नव्हते.

दहाव्या दिवशी तात्या आपणहून आले. गोठ्याबाहेर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. वाघ्या उठला, पाणी प्याला, शेपूट हलवली. तात्या म्हणाले, “पितोय की पाणी.” आम्ही म्हणालो, “तात्या, पाण्यावरून नाही. दहा दिवसांवरून.” तात्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, “आमच्या वेळंला साबण तर घरात होताच, गुरुजी.” त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्याच दिवशी वाघ्याला लस टोचली. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस द्यायची, महिन्याने दुसरी, मग दर वर्षी एक. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांच्या मृत्यूचा दिवस. तो जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात ही लस फुकट टोचतात. आमचे कार्ड आता देवळीत नसते. ते कॅलेंडरच्या खिळ्याला टांगले आहे.

सुट्टी संपली. नातवाचे शेवटचे इंजेक्शन पुण्यात व्हायचे होते. पोरे दर वर्षी अकराच्या गाडीने जातात, म्हणजे जेवूनखाऊन निघता येते. या वेळी नातू म्हणाला, “आपण पहिल्या गाडीनं जाऊ.” आजी म्हणाली, “अरे, पहाटे कशाला? झोपमोड होईल सगळ्यांची.” तो म्हणाला, “अकराला वाघ्याला फाट्यावर येता येणार नाही.”

आम्ही सहाच्या गाडीला गेलो. रस्ता गार होता. पोरे पुढे, त्यांच्या पुढे वाघ्या, आणि मागून पिशव्या घेऊन आम्ही दोघे. एका पिशवीत पाण्याची बाटली होती आणि एक जुनी जर्मनची वाटी.